बीज सोडले म्हणजे तलाव जपला असे नाही

तलावात मासे हवे असतील तर मत्स्यबीज सोडा, अशी माझी अनेक वर्षे ठाम समजूत होती. बीज चांगले असावे, वेळेवर मिळावे आणि पुरेसे सोडावे, पुढचे काम पाणी करते. हेच मी प्राणिशास्त्राच्या तासाला शिकवत होते आणि अर्जुनी-मोरगावच्या बाजूच्या मच्छीमार संस्थांनी बोलावले की तिथेही हेच सांगत होते. संशोधन प्रयोगशाळेत होते, बीज हॅचरीत तयार होते आणि तलाव ते वाढवतो, इतका सरळ हिशेब मनात होता. आज माझे मत तसे नाही. ते का बदलले ते लिहायचे आहे, कारण त्या जुन्या मतावर आजही तलावांचे ठेके दिले जातात, योजना आखल्या जातात आणि आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या हजारो ढिवर मच्छीमार कुटुंबांचे पोट त्यावर अवलंबून आहे.

आधी जुन्या मताची बाजू मांडते, कारण ती पोकळ नव्हती. कटला, रोहू आणि मृगळ हे आपले मोठे कार्प मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. तलावाच्या साठलेल्या पाण्यात ते वाढतात, वजनदार होतात, पण सहसा प्रजनन करत नाहीत. त्यामुळे पूर्वी नदीतून जाळ्याने बीज गोळा करावे लागे. त्यात नको त्या जातींची सरमिसळ होई आणि वाटेत बरेच बीज मरे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधुरी यांनी ओडिशातल्या अंगुल इथे माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांच्याकडून हुकमी अंडी मिळवली. देशभर १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रयोगामुळे. त्या एका प्रयोगाने मत्स्यबीज नदीच्या लहरीतून सुटले. पुढे मिश्र मत्स्यशेती आली. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी, म्हणून एकाच पाण्यात तिघांना जागा मिळते. २०२२-२३ मध्ये भारताचे मत्स्योत्पादन सुमारे १७५ लाख टन होते आणि त्यातले १३१ लाख टन गोड्या व निमखाऱ्या पाण्यातून, म्हणजे भूजलाशयीन क्षेत्रातून आले. समुद्राचा वाटा ४४ लाख टनांच्या आसपास होता. एवढी मोठी मजल संशोधनाशिवाय शक्य नव्हती. ते शिकवताना मला अभिमान वाटे आणि आजही वाटतो.

माझे मत बदलले ते या शास्त्राविषयी नव्हे. तलावाला एवढेच शास्त्र पुरेसे आहे, या समजुतीविषयी ते बदलले.

गोंदिया जिल्हा समुद्रापासून खूप दूर आहे, पण पाण्याने भरलेला आहे. वैनगंगा, बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या आणि त्यांच्या खोऱ्यांत पसरलेले तलाव-बोड्या ही आमची ओळख. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाने इथे तलाव बांधले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला असे सांगतात. उताराची जमीन, धानाची बांधी आणि बेभरवशाचा पाऊस यांचा मेळ घालणारी ही व्यवस्था होती. वरच्या तलावाचे ओसंडलेले पाणी खालच्या तलावात आणि तिथून बांधीत जायचे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि लोकांच्या तोंडी ते 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, झाले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. पाणी पाटबंधारे खात्याचे किंवा जिल्हा परिषदेचे, मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाच्या ठेक्याने सहकारी संस्थेकडे, निस्ताराचा, म्हणजे रोजच्या वापराचा, हक्क गावाचा आणि बुडीत जमिनीवर गाळपेर करणारा शेतकरी वेगळा, अशी एका तलावाची वाटणी झाली. प्रत्येकाचा वाटा ठरला. तलाव जिवंत राहतो की नाही, हे पाहणे मात्र कोणाच्याच वाट्याला आले नाही.

हे मला फार उशिरा दिसले, कारण मी संस्थेच्या नोंदवहीतून तलाव पाहत होते. वहीत किती बोटुकली सोडली, किती किलो कटला-रोहू-मृगळ निघाला आणि काय भाव मिळाला एवढेच असे. आकडा कमी आला तर माझे उत्तर तयार असे: बीज कमी पडले, लहान पडले किंवा उशिरा पडले. अनेकदा ते खरेही होते. मत्स्यजिऱ्यांच्या, म्हणजे अंड्यांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिल्लांच्या, अवस्थेतच बीज सोडले तर त्यातले फार थोडे जगते. बोटभर वाढवून सोडले तर तगण्याची शक्यता पुष्कळ वाढते, यात शंका नाही.

पण आठवडी बाजारात बसलेल्या ढिवर बायकांच्या टोपल्यांत जे असे, ते या वहीत कधीच नव्हते. झिंगे, लहान खवल्यांचे चंदेरी मासे, वाम, शिंगूर, मांगूर, एखादी मरळ. उथळ पाण्यात उतरून बायकांनी धरलेले हे मासे संस्थेच्या वजनकाट्यावर येत नसत. त्यांचे पैसे रोजच्या तेल-मिठाला जात आणि उरलेले मासे घरच्या कालवणात पडत. माझ्या विद्यार्थिनींपैकी काही त्याच घरांतल्या होत्या. प्रकल्प म्हणून मी त्यांना बाजारातल्या टोपल्यांत काय आहे ते लिहून आणायला सांगितले. त्यांनी जातींची यादी आणली, पण तिच्याबरोबर आणखी एक यादी त्यांच्या आयांनी आणि आज्यांनी सांगून लिहून घ्यायला लावली होती: पूर्वी मिळत असलेल्या आणि आता दिसत नसलेल्या माशांची. दुसरी यादी लांब होती. त्या काळात कटल्याचे उत्पादन घटलेले नव्हते. म्हणजे संस्थेच्या वहीप्रमाणे तलाव ठीक चालला होता आणि टोपलीप्रमाणे तो रिकामा होत होता. दोन्ही एकाच वेळी खरे होते. तिथे माझ्या मताला पहिला तडा गेला.

एका वयस्क ढिवराने मला जे सांगितले ते नंतर मी बराच काळ विसरू शकले नाही. "मॅडम, तलावात पानी हाय, पन मासोरीले घर कुठं हाय?" मी त्याला विचारले, घर म्हणजे काय? त्याने पाण्यातल्या वनस्पती दाखवल्या, म्हणजे जिथे त्या पूर्वी होत्या त्या मोकळ्या जागा दाखवल्या.

मी प्राणिशास्त्राची असूनही पाणवनस्पतींना तण समजत होते. संवर्धन तळ्याच्या पुस्तकात बीज सोडण्याआधी तण काढा असा धडा असतो आणि लहान, खोदलेल्या तळ्यासाठी तो योग्यच आहे. तीनशे वर्षांच्या तलावाला मी तोच धडा लावत होते. आता मरळीचे उदाहरण घ्या. मरळ पाणवनस्पती बाजूला सारून गोल मोकळी जागा करते, अंडी तिथे तरंगतात आणि नर-मादी दोघेही त्यांची आणि पुढे पिल्लांच्या लालसर थव्याची राखण करतात. वनस्पती नाहीत तर हे घर नाही. मांगूर पहिल्या पावसात वाहत्या पाण्याविरुद्ध चढतो आणि धानाच्या बांधीत, बांधाच्या बिळात अंडी घालतो. वाट अडली किंवा बांधीत विषारी फवारणी झाली तर त्याची पिढी तिथेच थांबते. लहान माशांची अंडी पानांना चिकटतात, पिल्ले पानांआड लपतात आणि पानांवरचे सूक्ष्मजीव खातात. या माशांचे बीज कोणत्याही हॅचरीतून येत नव्हते, तलावच त्यांची हॅचरी होता. ती आपण बंद पाडत होतो.

बंद पाडण्यात शास्त्राच्या नावाने आलेल्या काही गोष्टींचाही हात होता, हे मला मान्य करावे लागले. १९५९ मध्ये गवत्या, म्हणजे ग्रास कार्प, भारतात आणला गेला. तो पाणवनस्पती खातो, म्हणूनच आणला. सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, त्याच्याही आधी आला. तो तळ उकरून खातो, त्यामुळे मुळे सुटतात आणि पाणी गढूळ होते. गढूळ पाण्यात उजेड तळापर्यंत पोचत नाही, वनस्पती उगवत नाहीत आणि मुळे नसल्याने गाळ आणखी उसळतो. उथळ तलाव असा एकदा गढूळपणाकडे झुकला की आपोआप परत फिरत नाही, हे डच शास्त्रज्ञ मार्टेन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात मांडले. स्वच्छ पाणी व वनस्पती ही एक स्थिती, गढूळ पाणी व शेवाळ ही दुसरी, आणि दोन्ही आपापल्या जागी टिकून राहतात. हे वाचले तेव्हा युरोपातल्या सरोवरांविषयी लिहिलेले सारे मला आमच्या तलावावर दिसत होते.

माशांखेरीज इतरही कारणे होती. काठाने बेशरम नावाची झुडपी वनस्पती माजली आणि तिच्या दाटीखाली देवधानासारख्या स्थानिक पाणवनस्पतींना जागा उरली नाही. उन्हाळी धानासाठी पाणी तळापर्यंत उपसले गेले. गाळ काढताना यंत्राने कडा सरळ कापल्या गेल्या, तेव्हा काठचा उथळ पट्टा, जिथे मासा अंडी घालतो आणि बगळा उभा राहतो, तो नाहीसा झाला. गाळ काढणे गरजेचे आहे. पण उतार राखून काढणे आणि खड्डा करणे यांत फरक आहे, आणि तो फरक माशाला कळतो.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर आणि त्यांचे सहकारी हे सारे माझ्या आधी कितीतरी वर्षे ढिवरांकडून ऐकून लिहून घेत होते. कोणता मासा कोणत्या वनस्पतीत अंडी घालतो, कोणती वनस्पती किती खोल पाण्यात येते, कोणत्या जाळ्याच्या आसाने काय सुटते आणि काय अडकते, याची त्यांनी नोंद केली. मग संस्थांना सोबत घेऊन तलावांत काम सुरू केले. उन्हाळ्यात बेशरम मुळासकट काढायची, कोरड्या पडलेल्या पट्ट्यात नांगरट करायची, दुसऱ्या तलावांतून स्थानिक पाणवनस्पती आणून लावायच्या, त्या रुजेपर्यंत तिथे जाळे टाकायचे नाही आणि वनस्पती खाणारे बाहेरचे मासे सोडायचे नाहीत. अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या निमगावच्या शालू कोल्हे यांनी ढिवर बायकांना या कामात पुढे आणले. ज्या बायकांची टोपली कोणत्याच वहीत नव्हती, त्याच चिखलात उतरून वनस्पती लावू लागल्या. स्थानिक मासे परतले, पक्षी परतले, आणि कटला-रोहूलाही वनस्पतींच्या तलावात खायला भरपूर मिळाले.

माझ्यासारख्या शिक्षिकेला यातली एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटली. ढिवरांचे म्हणणे गृहीत धरून कोणी पुढे गेले नव्हते. ते तपासले गेले, वनस्पतींची शास्त्रीय नावे निश्चित केली गेली, लावून पाहिले गेले, जगले ते ठेवले गेले. विज्ञान यापेक्षा वेगळे काही करत नाही. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला असताना तिथल्या माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून आणि रानातल्या माणसांकडून शिकले, आणि ते त्यांनी लिहून ठेवले म्हणून महाराष्ट्राला कळले. आपल्या भागात या परंपरेची उणीव नव्हती. उणीव होती ती माझ्यासारख्या पदवीधरांनी तिला संशोधन मानण्याची.

यानंतर मी समुद्राकडे वळले. कोकणची मासेमारी हा आमचा विषय नाही, असे मला वाटत असे. तिकडे ट्रॉलर आणि निर्यात, इकडे डोंगा आणि फेकजाळे. वाचत गेले तसे दिसले की समुद्रावरच्या संशोधनाने वेगळाच प्रश्न हाती घेतला आहे. समुद्रात बीज सोडून भागत नाही. तिथे शास्त्रज्ञाला सांगावे लागते की कुठे थांबायचे. १९४७ मध्ये स्थापन झालेली केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था वर्षानुवर्षे बंदरांवर उतरणारा मासा मोजते, त्याची लांबी घेते, पोट फाडून अंड्यांची अवस्था पाहते. त्यातून मासा कोणत्या लांबीला पहिल्यांदा प्रजननक्षम होतो ते कळते. त्या आधारावर किमान कायदेशीर आकारमान ठरते, म्हणजे त्यापेक्षा लहान मासा धरायचा नाही. केरळनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी असे आकारमान ठरवले. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, आणि त्यामागे सातपाटीच्या मच्छीमारांचा रेटा होता. पापलेटची लहान पिल्ले जाळ्यात येतात आणि मोठा मासा कमी होतो, हे त्यांनी आपल्या संस्थेच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले होते. पर्ससीन, म्हणजे थवेच्या थवे वेढून घेणाऱ्या, जाळ्यांवर राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी निर्बंध आणले, तेही या मासेमारीच्या अभ्यासासाठी नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालाच्या आधारावर. दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. या नियमांची अंमलबजावणी जिथे ढिली आहे तिथे ती ढिली आहे. पण नियम कशाच्या आधारावर करायचा, हे तिथे ठरले आहे.

आकडे असूनही फसगत होते, हे कॅनडाने दाखवून दिले. न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा शतकानुशतके अमाप मिळत होता. १९६८ मध्ये परदेशी ट्रॉलरांसह तिथून आठ लाख टनांहून अधिक कॉड काढला गेला. पुढे सरकारी शास्त्रज्ञांचे अंदाज साठा वाढतो आहे असे सांगत राहिले, कारण त्यात मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीला फार वजन होते, आणि ट्रॉलर उरलेल्या थव्यांना शोधून जाळे भरूनच आणत. किनाऱ्यावरचे लहान मच्छीमार मात्र १९८० च्या दशकातच मासा लहान होतो आहे, काठाशी येत नाही असे सांगत होते. त्यांचे म्हणणे कोणी आकड्यांत धरले नाही. २ जुलै १९९२ रोजी कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे तीस हजार माणसांचा रोजगार गेला. दोन वर्षांपुरती म्हणून घातलेली ती बंदी तीन दशके चालली, २०२४ मध्ये उठली. मी हे वाचले तेव्हा मला संस्थेची वही आणि बायकांची टोपली आठवली. मोजलेले खरे आणि न मोजलेले खोटे, असे धरून चालणारे विज्ञान अपुरे असते. हे मी आता वर्गात पहिल्याच तासाला सांगते.

न मोजलेल्या माशाची किंमतही मला नंतर कळली. शकुंतला थिल्स्टेड यांनी बांगलादेशात लहान देशी माशांवर संशोधन केले. मोला नावाचा बोटभर मासा डोक्या-काट्यांसकट खाल्ला जातो, आणि त्यात अ जीवनसत्त्व व कॅल्शियम भरपूर असते, हे त्यांनी दाखवले. मोठ्या कार्पबरोबर तळ्यात मोलाही वाढवता येतो आणि त्याने कार्पचे उत्पादन घटत नाही, हे त्यातून पुढे आले. २०२१ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना या कामासाठी मिळाला. आमच्या जिल्ह्यात कुपोषणाच्या बैठका होतात. तलावाच्या काठच्या घरात लहान मासे येईनासे झाले, ही बाब त्या बैठकांत मी कधी ऐकली नाही. कटला बाजारात जातो, लहान मासा मुलांच्या ताटात जातो. दोघांचीही गरज आहे, पण योजनेत एकालाच जागा आहे.

आता माझे म्हणणे काय आहे ते स्पष्ट सांगते. बीज सोडणे बंद करा असे मी म्हणत नाही. ठेक्याची रक्कम, सभासदांचा लाभांश, मुलीचे शिक्षण, दवाखाना यासाठी रोख पैसा लागतो आणि तो कटला-रोहूच देतो. जुने ते सारे चांगले असेही मी म्हणत नाही. मच्छरदाणीसारख्या बारीक आसाचे जाळे लावणारे आमच्यातच आहेत. पाण्यात विष किंवा स्फोटक टाकून मासे मारायला १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे, तरी ते प्रकार थांबलेले नाहीत. परंपरेचे ज्ञान प्रत्येक घरात सारखे नाही, आणि नव्या पिढीत ते वेगाने विरते आहे. म्हणूनच ते आत्ता लिहून घेतले पाहिजे आणि तपासले पाहिजे.

शेतकऱ्यांशी असलेला पेच तर खरोखर अवघड आहे. धान करपत असताना माशासाठी पाणी ठेवा म्हणणे सोपे नाही, आणि मी स्वतः धान पिकवणाऱ्या घरातली आहे. पण पावसाळी धानाला एखादे संरक्षक पाणी देणे वेगळे आणि उन्हाळी धानासाठी तलाव तळापर्यंत कोरडा करणे वेगळे. दुसऱ्या बाबतीत गुरांचे पाणी, विहिरींची पातळी, शिंगाडा, मासे आणि पक्षी सगळ्यांचाच तोटा होतो. ग्रामसभा आणि मच्छीमार संस्था एकत्र बसून तलावात किती पाणी उरू द्यायचे याची एक खूण ठरवू शकतात. ती खूण पाळीवर दगडाने मारता येते. त्यासाठी वेगळ्या कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही.

समुद्राने शिकवलेली शिस्त तलावावर आणता येते, हे माझे आजचे ठाम मत आहे. बाघ नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशात आणि पूर्वेला छत्तीसगडमध्ये १६ जून ते १५ ऑगस्ट हा मासेमारीचा बंद ऋतू असतो. आपल्या तलावांवरही पहिल्या पावसानंतर मासा चढतो त्या काळात जाळे न टाकण्याचा ठराव प्रत्येक संस्थेने करावा, आणि त्या दिवसांत पोट कसे भरायचे याचा विचार शासनाने त्यांच्यासोबत करावा. मरळ, मांगूर, शिंगूर यांची पिल्ले धरायची नाहीत असे ठरवावे. तलावाचा एक कोपरा कायमचा वनस्पतींसाठी आणि अंड्यांसाठी राखावा. जिथे अजून पाणवनस्पती टिकून आहेत तिथे गवत्या आणि सायप्रिनस सोडू नयेत. गाळ काढताना काठाचा उतार राखावा. आणि ठेक्याच्या कागदात किती बीज सोडले याच्या जोडीला तलावात किती जातींचे मासे आहेत, हाही रकाना असावा.

त्यासाठी आधी मोजले पाहिजे. हे आमच्या जिल्ह्याला नवे नाही. महाराष्ट्रात सारस टिकला तो मुख्यतः गोंदियात, आणि दरवर्षी त्याची गणना होते. 'सेवा' या गोंदियाच्या संस्थेचे कार्यकर्ते, शेतकरी आणि वनविभाग पहाटे धानाच्या बांध्यांत, नदीकाठी, तलावांवर जाऊन एकाच वेळी सारस मोजतात. त्या गणनेमुळेच तो किती संकटात आहे ते न्यायालयापर्यंत पोचले. जो तलाव सारसाला पोसतो, त्यातल्या माशांची अशी गणना आपण का करू नये? संस्थेच्या कार्यालयात एक वही असावी. तीत जाळ्यात आलेल्या प्रत्येक जातीचे नाव, अंदाजे लांबी, अंडी आहेत की नाहीत, पाणी कुठवर होते आणि बायकांच्या टोपलीत काय आले, हे दर महिन्याला लिहावे. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र विभागाने एकेक तलाव दत्तक घ्यावा. नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने या वह्या एकत्र करून त्यातून काय दिसते ते गावाला गावाच्या भाषेत परत सांगावे. याला फार पैसा लागत नाही. लागते ती सलग वर्षे टिकणारी चिकाटी, कारण एका वर्षाच्या नोंदीने तलावाचे काहीच कळत नाही.

मत बदलल्याने माझ्या हातून काय घडते आहे, असे कोणी विचारले तर सांगते: माझ्या विद्यार्थ्यांना आता मी हॅचरी दाखवायला नेते, आणि तलावावरही नेते. ढिवर घरातली मुलगी वर्गात आपल्या आजीचे म्हणणे मांडते, तेव्हा इतर मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या पावसात ते खरे ठरते का ते पाहायला जातात. काही खरे ठरते, काही ठरत नाही. दोन्हींची नोंद होते.

गोंदियाचे तलाव ज्यांनी बांधले, त्यांनी ते एका पिढीसाठी बांधले नव्हते. ते चालवण्याचे शास्त्रही एका हंगामापुरते असून चालणार नाही. मच्छीमार संस्थांच्या संचालकांना, ग्रामसभांना आणि जिल्ह्यातल्या शिक्षकांना माझी विनंती आहे की या पावसाळ्यापासून आपल्या गावच्या तलावाची वही सुरू करा, आणि तिच्यात पहिले नाव कटल्याचे लिहिले तरी शेवटचे नाव बायकांच्या टोपलीतल्या सर्वांत लहान माशाचे असू द्या.